लग्न डिसेंबरात, पैसे शेअरमध्ये: सांगलीतल्या एका पोर्टफोलिओचं प्रकरण

28 फेब्रुवारी 2025, शुक्रवार. निफ्टी, म्हणजे शेअर बाजारातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक, त्या दिवशी 420 अंकांनी पडून 22,124 वर बंद झाला होता. संध्याकाळी साडेसहाला सांगलीहून मामांचा फोन आला. एरवी मामा आधी जेवणखाण, मग पाऊसपाणी, मग तब्येत विचारून मुद्द्यावर येतात. त्या दिवशी थेट म्हणाले, "सगळं विकून टाकू का गं?"

मी पुण्यात हिशेब तपासणीचं काम करते. सल्लागार म्हणून माझी कुठे नोंदणी नाही आणि कुठला शेअर घ्यावा हे मी कुणाला सांगत नाही. पण घरातली आकड्यांची माणूस म्हणून असले फोन मला येतात. पुढे जे लिहिते आहे ते मामांना विचारून लिहिते आहे. आकडे सोयीसाठी थोडे गोळाबेरजेचे केलेत, कंपन्यांची नावं गाळली आहेत. बाकी जसं घडलं तसं.

मामा सांगलीजवळच्या एका कारखान्यात फोरमन होते, 2023 मध्ये निवृत्त झाले. शेअर घेतात 2009 पासून. त्यांच्या डीमॅट खात्यात तेव्हा 31 कंपन्या होत्या. सप्टेंबर 2024 च्या शेवटच्या आठवड्यात निफ्टी 26,200 च्या वर गेला, 27 तारखेला 26,277 ला टेकला, तेव्हा मामांच्या शेअरची किंमत 60 लाख होती. फोन आला त्या दिवशी ती 43 लाख 70 हजार होती. पाच महिन्यांत 16 लाख 30 हजार गेले, म्हणजे 27 टक्के. निफ्टी तेवढ्याच काळात 15-16 टक्के पडला होता.

बाजार का पडत होता हे वर्तमानपत्रात रोज छापून येत होतं. परदेशी संस्थांनी एकट्या ऑक्टोबर 2024 मध्ये 94 हजार कोटींच्या आसपास शेअर विकले होते. कंपन्यांचे तिमाही निकाल अपेक्षेपेक्षा फिके येत होते. अमेरिकेत सत्ताबदल होऊन आयातशुल्काची भाषा सुरू झाली होती. निफ्टी सलग पाच महिने खाली बंद होण्याची वेळ 1996 नंतर पहिल्यांदाच आली होती. दुसऱ्या बाजूला म्युच्युअल फंडांतल्या एसआयपीचा, म्हणजे लोक दरमहा ठरावीक रक्कम घालतात तिचा, महिन्याचा आकडा ऑक्टोबरातच प्रथम 25 हजार कोटींच्या पुढे गेला होता, म्हणून पडझड आणखी खोल गेली नाही. हे सगळं मामांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. त्यांची अडचण माहितीची नव्हती.

मी त्यांना फोनवर एवढंच म्हटलं, "मामा, उद्या-परवा बाजार बंद आहे. मी येते. तोवर काही करू नका." शनिवारी दुपारी मी सांगलीत, विश्रामबागेतल्या मामांच्या घरी होते.

मामांची एक वही आहे. लांबट, लाल पुठ्ठ्याची, दुकानात रोजमेळाला वापरतात तसली. तीत त्यांनी स्वतः रेघा मारून रकाने केलेत: तारीख, कंपनी, नग, घेतलेला भाव, आजचा भाव, फरक. पहिले चार रकाने शाईने, शेवटचे दोन पेन्सिलीने, कारण दर शनिवारी ते खोडून नव्याने भरायचे. इतक्या वर्षांच्या खोडण्याने त्या दोन रकान्यांतला कागद पातळ झाला आहे, पानाच्या मागून बोट दिसतं. जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारनंतर ते दोन रकाने कोरे होते. त्यांनी भाव लिहिणंच सोडून दिलं होतं. मोबाइलवर दिवसातून दहा वेळा पाहत होते, पण वहीत उतरवण्याचा धीर होत नव्हता. त्यांना काय होतंय ते मला त्या कोऱ्या रकान्यांवरून कळलं. फोनवर कळलं नव्हतं.

आम्ही आधी 31 कंपन्यांचे तीन ढीग केले. पहिल्या ढिगात नऊ जुन्या, मोठ्या कंपन्या: बँका, आयटी, साबण-बिस्किटवाल्या. यातल्या बहुतेक 2018 च्या आधी घेतलेल्या. सप्टेंबरात त्यांची किंमत 27.5 लाख होती, आता 23.6. म्हणजे 14 टक्के घट, निफ्टीच्या आसपास. दुसऱ्या ढिगात 2021 ते 2024 च्या तेजीत घेतलेल्या मध्यम आणि लहान कंपन्या, चौदा: रेल्वेची कामं करणाऱ्या, संरक्षण खात्याला माल देणाऱ्या, सौर पॅनेलवाल्या. 26 लाखांचे 16.9 झाले होते, 35 टक्के घट. तिसऱ्या ढिगात आठ कंपन्या, ज्यांना मामा स्वतःच 'ऐकीव' म्हणतात. बँकेच्या रांगेत, कट्ट्यावर, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात कुणीतरी सांगितलं म्हणून घेतलेल्या. 6.5 लाखांचे 3.2 उरले होते. निम्म्याहून खाली.

आणखी एक गोष्ट त्या दुपारी बाहेर आली. डिसेंबर-जानेवारीत मामांनी एफडी मोडून दोन लाख काढले होते आणि तिसऱ्या ढिगातलेच चार शेअर आणखी घेतले होते. "ॲव्हरेज केलं," म्हणाले. हा शब्द मला अजिबात आवडत नाही. चांगल्या कंपनीचा शेअर स्वस्त झाला म्हणून जास्त घेणं निराळं, आणि आपला मूळ भाव खाली आणून मनाला बरं वाटावं म्हणून घेणं निराळं. ज्या कंपनीत एक लाख घालताना आपण धड माहिती काढली नाही, तिच्यात आणखी पन्नास हजार घालताना तरी कुठे काढलेली असते? मामांना मी हे तेवढ्या कडक शब्दांत सांगितलं नाही. इथे लिहिते.

पण खरं दुखणं तिन्ही ढिगांत नव्हतं. ते मामींनी चहा ठेवता ठेवता विचारलेल्या प्रश्नात होतं. "ते विकायचं-ठेवायचं तुम्ही ठरवा. मला एवढंच सांगा, हॉलचा ॲडव्हान्स कशातून द्यायचा?"

मामेबहिणीचं लग्न डिसेंबर 2025 मध्ये ठरलं होतं. मी वहीचं मागचं पान उघडलं आणि शेअर बाजूला ठेवून घरखर्च मांडायला लागले. मामांचे 30 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आहेत. 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 61,500 येतात, म्हणजे महिन्याला 20,500. पीएफची पेन्शन 3 हजार. घरखर्च 38 हजार. महिन्याला साडेचौदा हजारांची तूट, वर्षाला 1 लाख 74 हजार. लाभांशाचे वर्षाकाठी 42 हजार येतात ते वजा केले तर 1 लाख 32 हजार. तीन वर्षांचे धरले 4 लाख. मामींच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया डॉक्टरांनी वर्षभरात करायला सांगितली होती, विमा वजा जाता अडीच लाख. आणि लग्न, 12 लाख. एकूण 18.5 लाख. हातात एफडी होती 3 लाखांची. म्हणजे तीन वर्षांत 15.5 लाख शेअरमधून काढावे लागणार होते, आणि त्यातला मोठा भाग पुढच्या नऊ-दहा महिन्यांतच.

43.7 लाखांतले 15.5, म्हणजे 35 टक्के. ज्या पैशाला खर्चाची तारीख लागलेली आहे तो पैसा बाजारात पडून होता. सप्टेंबरात 60 लाख असताना ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही, कारण वर जाणाऱ्या भावात ती दिसत नाही. मामांची रात्रीची झोप उडाली होती ती निफ्टीमुळे असं त्यांना वाटत होतं. मला त्या पानावर दिसलं की ती हॉलच्या ॲडव्हान्समुळे उडाली होती.

इथे माझीही एक चूक आहे आणि ती लिहिल्याशिवाय हे प्रकरण पुरं होत नाही. 3 नोव्हेंबर 2024, भाऊबीज. मी सांगलीतच होते. जेवणं झाल्यावर मामा सहज म्हणाले होते, "लग्नाचे आत्ताच काढून ठेवू का?" निफ्टी तेव्हा 24,300 च्या घरात होता. मी म्हणाले, "थोडं सावरू दे ना मामा, आत्ता पडलंय." मी कुठलाही हिशेब न मांडता ते उत्तर दिलं. कधी लागणार, किती लागणार, एवढे दोन प्रश्न मी उलट विचारायला हवे होते. त्या एका वाक्याचे किती लाख झाले हे मी नंतर मोजलं आहे. दोन लाखांच्या पुढे जातात.

मामांचं म्हणणं असं होतं की थोडं थांबलं तर भाव परत येतील. "2008 ला काय झालं होतं? 2020 ला काय झालं होतं? परत आलाच ना बाजार?" हे खोटं नाही. 23 मार्च 2020 ला सेन्सेक्स एका दिवसात 3,934 अंकांनी पडून 25,981 वर आला होता आणि त्याच वर्षाच्या आत जुन्या उंचीच्या वर गेला. पण परत आला तो निर्देशांक. 2008 च्या निफ्टीत सत्यम होती, युनिटेक होती, सुझलॉन होती, रिलायन्स कम्युनिकेशन्स होती. आजच्या निफ्टीत यातलं एकही नाव नाही. निर्देशांक मागे पडलेल्याला बाहेर काढतो आणि त्याच्या जागी दुसरा घेतो, म्हणून तो वर जाताना दिसतो. मामांच्या वहीतून मात्र कुणी बाहेर गेलंच नव्हतं. तीत 2011 सालची एक साखर कंपनी अजून होती. आणि जी कंपनी निम्म्यावर आली तिला मूळ भावाला यायला 50 टक्के नाही, 100 टक्के वाढावं लागतं. लग्न तोवर थांबणार नव्हतं.

यावर मामी जे बोलल्या ते मी विसरणार नाही. त्यांचं माहेर हळदीच्या व्यापाऱ्याचं. हरिपूरला पूर्वी हळद जमिनीखालच्या पेवांत साठवायचे, चांगला भाव येईपर्यंत वर्षानुवर्षं ठेवायचे. मामी म्हणाल्या, "आमच्याकडे लगीन ठरलं की बाबा पहिल्यांदा एक पेव फोडायचे. भाव असो नसो. बाकीची मिटलेली असायची, ती भावाची वाट बघायची. लगनाचं पेव वेगळं." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि 2005 च्या पुरात गेलीच ना पेवं पाण्याखाली." मामा काही बोलले नाहीत. वही त्यांनी माझ्याकडे सरकवली.

विकायचं काय हे ठरवायला आम्ही एक अगदी साधी गोष्ट केली. भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं फेब्रुवारीचं पान फाडून त्याची उभी पट्टी कापली आणि वहीतल्या 'घेतलेला भाव' या रकान्यावर ठेवली. मामा प्रत्येक शेअरबद्दल बोलताना त्या रकान्याकडेच बघत होते. 'हा 340 ला घेतलाय, 340 आला की विकतो.' 340 हा आकडा फक्त मामांच्या वहीत आहे, बाजाराला त्याची खबर नाही. पट्टी ठेवल्यावर उरलं फक्त कंपनीचं नाव आणि आजची किंमत. मग मी मामांना म्हटलं, प्रत्येक कंपनी काय करते आणि पैसा कसा कमावते ते मामींना दोन वाक्यांत सांगा.

पहिल्या ढिगातल्या नऊच्या नऊ त्यांनी खडाखडा सांगितल्या. दुसऱ्या ढिगातल्या चौदापैकी सात नीट सांगितल्या, अगदी ऑर्डरबुक (हाती आलेल्या कामांची यादी) आणि कर्जासकट. फोरमन माणूस, यंत्रसामग्रीच्या कंपन्या त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतात. उरलेल्या सातांवर गाडी अडली. 'सरकार या क्षेत्रात भरपूर खर्च करणार आहे' याच्या पुढे जाईना. तिसऱ्या ढिगात एकीबद्दल मामी तीनदा म्हणाल्या, "हो, पण ती विकते काय?" मामांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "खोड हे आठही."

आता कर. आपल्याकडे विकण्याचा निर्णय पुष्कळदा करापाशी अडतो, आणि मामांच्या मनात एक भलतीच भीती होती: तोटा दाखवला तर आयकरवाले चौकशी करतील. तसं काही नसतं. उलट, तोटा दाखवला नाही तर तो वाया जातो. जुलै 2024 च्या अर्थसंकल्पापासून सूचीबद्ध शेअरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर 12.5 टक्के कर आहे, वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त. एका वर्षाच्या आत विकलं तर 20 टक्के. दीर्घ मुदतीचा तोटा फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातून वजा होतो, अल्प मुदतीचा दोन्हींतून. विवरणपत्र वेळेत भरलं तर उरलेला तोटा आठ वर्षं पुढे ओढता येतो. आणि 31 जानेवारी 2018 च्या आधी घेतलेल्या शेअरचा नफा मोजताना त्या दिवसाचा भाव धरता येतो, म्हणून मामांच्या 2009-12 च्या खरेदीवरचा नफा कागदावर वाटतो त्यापेक्षा बराच कमी निघाला.

मांडणी अशी झाली. ऐकीव आठ पूर्ण विकायच्या: हातात 3.2 लाख, तोटा 3.7 लाख, त्यातला 1.3 अल्प मुदतीचा (तेच ते ॲव्हरेज केलेले) आणि 2.4 दीर्घ मुदतीचा. दुसऱ्या ढिगातल्या अडलेल्या सातांपैकी पाच पूर्ण, आणि नीट सांगता आलेल्या सातांतल्या दोन, ज्यांचा भाव अजून फुगलेला वाटत होता: मिळून 5.1 लाख, नफा 1.6 लाख. पहिल्या ढिगात एकाच कंपनीचे 8.4 लाख होते, सगळ्या शेअरच्या 19 टक्के. ती निम्मी: 4.2 लाख, नफा 2.4. एकूण हातात साडेबारा लाख. नफा 4 लाख, तोटा 3.7, निव्वळ 30 हजार. करमुक्त मर्यादेच्या खूप खाली. कर शून्य.

त्या एका कंपनीवर खूप वेळ गेला. मामांनी 2009 मध्ये आयुष्यातले पहिले शेअर घेतले ते तिचे. "हिनेच घर बांधून दिलंय," म्हणतात. माझं मत होतं की तीन चतुर्थांश विकावेत. एका कंपनीवर पाचवा हिस्सा ठेवून निवृत्त माणसाने बसू नये, ती कितीही चांगली असो. मामा निम्म्याच्या पुढे जाईनात. मी जास्त ताणलं नाही. पोर्टफोलिओ त्यांचा आहे आणि रात्री झोप त्यांना यायला हवी.

10, 18 आणि 26 मार्च अशा तीन तारखांना विकायचं ठरलं. तीन भाग केले ते भाव साधण्यासाठी नव्हे. एकाच दिवशी सगळं विकलं आणि दुसऱ्या दिवशी बाजार उसळला तर मामा हाय खातील, म्हणून. 31 मार्चला ईदची सुट्टी होती, त्यामुळे आर्थिक वर्षातला शेवटचा सौदा 28 तारखेलाच होणार होता, तेही पाहून घेतलं. उरलेले 3 लाख मुद्दाम नव्या आर्थिक वर्षात ढकलले, म्हणजे सव्वा लाखाची सवलत पुन्हा मिळते: 15 एप्रिल, 15 मे, 16 जून, दर वेळी एक लाख. अडलेल्या सातांतल्या दोन कंपन्या त्यासाठी राखल्या. या सगळ्या तारखा मामांनी वहीत शाईने लिहिल्या आणि खाली माझ्या सांगण्यावरून एक ओळ: 'भाव काहीही असो, या तारखेला विकायचे, या तारखेखेरीज विकायचे नाही.' दुसरा अर्धा भाग पहिल्याइतकाच गरजेचा होता, हे पुढे महिन्याभरात कळलं.

मधल्या काळात शेजारच्या इंजिनिअर मुलाने मामांना सुचवलं की विकण्यापेक्षा पुट ऑप्शन (ठरलेल्या भावाला विकण्याचा हक्क देणारा करार) घ्या, विमा उतरवल्यासारखं होतं. तत्त्व म्हणून ते चूक नाही. पण ज्यांनी आयुष्यात एक ऑप्शन घेतला नाही त्यांनी 66 व्या वर्षी घाबरलेल्या अवस्थेत ते शिकायला घ्यावं, हे मला पटलं नाही. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत वायदा-ऑप्शन व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक ग्राहकांपैकी 93 टक्के तोट्यात होते. मामांना तो आकडा सांगितला, विषय तिथे संपला.

पैसे आले तेव्हा ठेवायचे कुठे, यावर मात्र जरा वाद झाला. गावातल्या एका पतसंस्थेचा दर बँकेपेक्षा बऱ्यापैकी जास्त होता आणि मामांची तिथे ओळख होती. मी ठाम नाही म्हणाले. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक बँकेमागे प्रत्येक ठेवीदाराला 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, व्याजासकट. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. फेब्रुवारीतच रिझर्व्ह बँकेने मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले होते आणि शाखांबाहेरच्या रांगांचे फोटो सगळ्यांनी पाहिले होते. निदान त्या ठेवीदारांच्या पाठीशी विमा तरी होता. बाजारातली जोखीम नको म्हणून पैसे काढायचे आणि ते त्याहून अंधाऱ्या जागी नेऊन ठेवायचे, हे सांगली-कोल्हापुरात मी किती घरांत पाहिलं आहे. लग्नाचे 12 लाख तीन बँकांत चार-चार लाख ठेवले, ऑक्टोबरअखेर मुदत संपेल अशा हिशेबाने. रिझर्व्ह बँकेने 7 फेब्रुवारीला जवळपास पाच वर्षांनी रेपो दर (ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) कमी केला होता, एफडीचे दर उतरणार हे दिसत होतं, म्हणून तेही लांबवलं नाही. त्याच आठवड्यात डीमॅटवर नॉमिनी म्हणून मामींचं नाव घातलं. ती जागा 2009 पासून रिकामी होती.

आणि मग 7 एप्रिल आला.

2 एप्रिलला अमेरिकेने जवळपास सगळ्या देशांवर आयातशुल्काची घोषणा केली, भारतावर 26 टक्के. सोमवारी 7 तारखेला बाजार उघडला तोच कोसळला. सेन्सेक्स सकाळी जवळपास 3,900 अंकांनी खाली होता. निफ्टी 21,743 पर्यंत गेला. नऊ वाजून वीस मिनिटांनी मामांचा फोन. आवाज बारीक झालेला. "अजून एकतीस लाखांचं... म्हणजे सगळंच... अगं हे फार पडतंय."

मी विचारलं, "वही जवळ आहे?"

"आहे."

"आजची तारीख आहे का तीत?"

बराच वेळ काही आवाज नाही. पान उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "नाही. पंधराची आहे."

"लग्नाचे पैसे कुठे आहेत?"

"बँकेत."

"गुडघ्याचे?"

"बँकेत." आणि मग, जरा स्वतःशीच, "मग आज काय करायचं?"

मी म्हणाले, दूध नासलं नसेल तर चहा करा. ते हसले नाहीत, पण फोन ठेवला आणि त्या दिवशी पुन्हा केला नाही. निफ्टी 22,161 वर बंद झाला. दोन दिवसांनी अमेरिकेने वाढीव शुल्क 90 दिवसांसाठी थांबवलं. 15 एप्रिलला, म्हणजे वहीतल्या तारखेला, निफ्टी एका दिवसात 500 अंकांनी चढून 23,328 वर बंद झाला आणि मामांनी ठरल्याप्रमाणे एक लाखाचे शेअर विकले. हा नशिबाचा भाग होता. बाजार 15 तारखेला 21,000 वर असता तरी विकले असते, आणि ते नुकसान सोसायची तयारी आम्ही मार्चमध्येच करून ठेवली होती. मे महिन्यात सीमेवर युद्धसदृश परिस्थिती झाली, शस्त्रसंधीनंतर 12 मे रोजी निफ्टी 917 अंकांनी उसळला, 15 मेला 25,000 च्या वर बंद झाला. त्या दिवशी दुसरा लाख गेला.

मेअखेरीस मामांनी मला एक कागद पाठवला. मार्चमध्ये विकलेले शेअर तसेच ठेवले असते तर किती झाले असते याचा हिशेब. ऐकीव आठांपैकी तीन आणखी पडले होते, पण बाकीचे बरेच वर आले होते. एकूण एक लाख दहा हजार जास्त मिळाले असते. खाली प्रश्न: 'घाई झाली का?'

हा प्रश्न रास्त आहे आणि मी त्याला गुळमुळीत उत्तर दिलं नाही. हो, एक लाख दहा हजार कमी आले. पण मार्चमध्ये हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि एप्रिलच्या त्या सोमवारी लग्नाचे 12 लाख बाजारात असते तर मामांनी नऊ वीसला मला फोन करण्याऐवजी विक्रीचं बटण दाबलं असतं, हे मी त्यांना ओळखते म्हणून सांगते. तेव्हा फक्त लग्नाचे गेले नसते, 43 मधले उरलेलेही गेले असते. आपण त्या एक लाख दहा हजारांत काय विकत घेतलं, तर उरलेले 28 लाख शांतपणे धरून ठेवायची ताकद. खरी महाग पडली ती भाऊबीजेची माझी सबुरी. ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी त्यावर एवढंच लिहिलं, 'तू होतीस म्हणून.' ते वाचून मला बरं वाटलं नाही, जबाबदारी वाटली.

आता पोर्टफोलिओत 14 कंपन्या आहेत. नऊ जुन्या, पाच अशा ज्या मामा कुणालाही दोन वाक्यांत समजावून सांगतात. वहीत नवं पान आहे. 'घेतलेला भाव' हा रकाना मामांनी काढला नाही, करासाठी लागतो, पण तो आता शेवटी गेला आहे. कंपनीच्या नावापुढे पहिला रकाना आहे 'कधी लागणार'. बहुतेक ओळींत तिथे '2030 नंतर' लिहिलंय. दोन ओळींत 'नातवंडं'. भाव भरायचा दिवस शनिवार नाही, महिन्याचा पहिला रविवार.

मामींचा गुडघा जुलैत झाला. पैसे दवाखान्यात भरायला मामा स्वतः गेले, एफडीची पावती मोडून, कुणाला न विचारता.

27 ऑगस्टपासून अमेरिकेचं भारतीय मालावरचं शुल्क 50 टक्के झालं. त्या दिवशी गणेश चतुर्थी, बाजार बंद. 28 ला उघडला आणि सेन्सेक्स 700 अंकांनी पडला. दुपारी चारपर्यंत फोन आला नाही म्हणून मीच केला. मामा कृष्णेच्या घाटावर होते, दीड दिवसाचा गणपती घेऊन. मागे झांजांचा आवाज, कुणीतरी 'पुढच्या वर्षी लवकर या' ओरडत होतं. मी विचारलं, "बाजार बघितला का?"

"बघितला. एक विचारायचं होतं. ते माझे पहिले शेअर आहेत ना, उरलेले अर्धे. त्यातले थोडे अजून कमी करावेत असं मला वाटायला लागलंय. आत्ता नाही. लग्नाची गडबड सुरू व्हायच्या आधी."

"तारीख सांगा, मामा."

"17 नोव्हेंबर. सोमवार आहे. लिहून ठेव, मी घरी गेल्यावर वहीत लिहितो."